आरीफ्लेक्सच्या फाइंडरवर पीव्हीसीची टी

अमळनेरच्या एका लहान चमूनं खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवावर लघुपट करायला घेतला आणि तो १६ मिलिमीटर फिल्मवरच करायचा, असं ठरवलं. कॅमेरा नानांचा: आरीफ्लेक्स १६ एसटी. हे मॉडेल १९५२ साली बाजारात आलं. नानांनी उभं आयुष्य स्टुडिओ आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये काढलं. हा कॅमेरा त्यांनी फार पूर्वी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला आणि तेलपाणी करून चालता ठेवला. दिग्दर्शन ताईंचं. माझ्याकडे काम आलं ते एवढंच: नाना फाइंडरमधून, म्हणजे चौकट बघायच्या नळीतून, जे बघतात ते ताईंना लांब उभं राहून मॉनिटरवर दिसलं पाहिजे. कॅमेऱ्याला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, डिंकाचा थेंबही लावायचा नाही.

लांब उभं राहण्याला कारण होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी विसर्जन. रोट भाजणाऱ्या, अहिराणीत गाणी म्हणणाऱ्या बाया ताईंच्या नात्यातल्या, गल्लीतल्या. ताई त्यांच्यात बसलेल्या असल्या की गाणं मोकळं होतं; कॅमेऱ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या की सगळ्यांच्या नजरा भिंगाकडे वळतात. हे त्यांनी आधीच्या वर्षी मोबाइलवर टिपण करताना पाहिलं होतं. शिवाय उत्सव वर्षातून एकदाच. हुकलं की पुढच्या श्रावणापर्यंत थांबा.

फिल्मचा हिशोबही कडक होता. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात. १०० फुटी रिळात ४००० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीनं २ मिनिटं ४० सेकंद. गाण्याचं एक कडवं आणि त्याचं धृपद झालं की रीळ संपलं. निगेटिव्ह धुऊन हातात यायला आठवडे जाणार. तोवर फ्रेममध्ये कोण होतं, कोणाचं डोकं कापलं गेलं, हे फक्त नानांच्या डोळ्याला ठाऊक.

त्याआधी बाहेरगावच्या एका कारागिरानं फाइंडरची नळी कापून आत कायमचा प्रिझम बसवायचा सल्ला दिला होता. नानांनी तो तिथंच मोडून काढला, आणि मला त्यांचं पटतं. जुन्या यंत्रावर आपण जे करू ते उद्या पुन्हा काढून ठेवता आलं पाहिजे. दुसरी सूचना आली ती सरळ आयपीसवर, म्हणजे फाइंडरच्या डोळा लावायच्या टोकावर, मोबाइल बांधायची आणि चित्र वायफायनं पाठवायची. त्यात मोबाइलच्या वजनानं आयपीस ओढला जातो, चित्र मागं पडतं (गाण्याच्या तालात अर्धा सेकंद म्हणजे फार झाला), आणि मुख्य म्हणजे नानांना बघायला जागाच उरत नाही. नानांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, “मन्हा डोया तठेच राही. बाकी तुले जे करनं शे ते कर.”

या एका वाक्यानं कामाचा आराखडा ठरला. माझंही मत तेच आहे: फिल्म कॅमेऱ्यावरचा मॉनिटर चौकट दाखवण्यापुरता असावा. फोकस आणि प्रकाश यांचा निर्णय आयपीसला लागलेल्या डोळ्याचा, मोजपट्टीचा आणि लाइट मीटरचा. चार इंची पडद्यावर फोकस ठरवायला गेलात तर फसाल. म्हणून फीड, म्हणजे मॉनिटरला जाणारं चित्र, डोळ्याच्या जागी न घेता डोळ्याच्या शेजारी घ्यायचा.

आरसा, वेळ आणि काळा पट्टा

या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे ४५ अंशांत फिरणारा आरसा. शटर उघडं असताना प्रकाश फिल्मवर पडतो. शटर बंद झालं की तोच प्रकाश आरशावरून वळून ग्राउंड ग्लासवर, म्हणजे चित्र उमटणाऱ्या धूसर काचेवर, जातो आणि तिथून फाइंडरमध्ये. आर्नोल्ड आणि रिश्टर यांच्या कंपनीनं ही फिरत्या आरशाची रचना १९३७ साली ३५ मिलिमीटरच्या आरीफ्लेक्समध्ये आणली आणि बाजूच्या वेगळ्या फाइंडरनं होणारी चौकटीची चूक संपली. भिंग जे बघतं तेच डोळा बघतो, फक्त आळीपाळीनं. १८० अंशांच्या शटरमध्ये निम्मा वेळ फिल्मचा, निम्मा डोळ्याचा.

माणसाच्या डोळ्याला ही लुकलुक सहन होते. व्हिडिओ कॅमेऱ्याला होत नाही. बाकावर सीसीटीव्हीचा साधा बोर्ड कॅमेरा आयपीससमोर धरून मोटर सुरू केली की पडद्यावर काळे-पांढरे पट्टे नाचायला लागतात. कारण असं. सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीनं आरशाची एक फेरी ४० मिलिसेकंदांची: २० फिल्मला, २० फाइंडरला. बोर्ड कॅमेरा उजेड बघून आपलं शटर आपोआप आखडतो, समजा १/२०० सेकंदावर, म्हणजे ५ मिलिसेकंदांवर. त्या ५ मिलिसेकंदांत आरसा समोर असला तर चित्र, नसला तर अंधार. त्यात हे सेन्सर चित्र एकदम टिपत नाहीत, ओळीमागून ओळ टिपतात. त्यामुळे वरच्या ओळींना उजेड मिळतो, मधल्यांना अंधार, खालच्यांना पुन्हा उजेड.

यावर उपाय बोर्ड कॅमेऱ्याच्या मेनूतच होता. शटर हातानं १/२५ सेकंदावर बांधायचं. १/२५ म्हणजे ४० मिलिसेकंद, आरशाची नेमकी एक पूर्ण फेरी. मग ओळ कोणतीही असो आणि सुरुवात कुठूनही होवो, तिच्या वाट्याला २० मिलिसेकंद उजेड येतोच. पट्टे गेले. कॅमेरा २४ फ्रेमवर चालवला तर फेरी ४१.६७ मिलिसेकंदांची होते, व्हिडिओच्या ४० मध्ये ती पुरती मावत नाही, आणि चित्र सेकंदाला एकदा किंचित मंद-तेज होतं. फरक आठ टक्क्यांच्या आसपासचा, चालून जाण्यासारखा. आम्ही २५ च धरले. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे घरातल्या ट्यूबलाइटशीही ही गती जुळते.

नानांची मोटर गती कमी-जास्त करायच्या जातीची आहे. पाठीमागच्या टॅकोमीटरचा (गती दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा बघून गती लावायची. तो काटा आता म्हातारा झालाय, थरथरतो. इथं फीडनं एक जास्तीचं काम केलं. बोर्ड कॅमेऱ्याचं शटर तेवढ्यापुरतं १/५० वर आणलं की पडद्यावर एक मऊ काळसर पट्टा दिसतो. मोटर २५ पेक्षा वेगात असली तर तो एका दिशेला सरकतो, हळू असली तर उलट दिशेला. पट्टा जागच्या जागी थांबला की गती बरोबर २५. मग शटर पुन्हा १/२५ वर. रेकॉर्डिंगवाल्या पोराला आवाजाशी चित्र जुळवताना याचा फार उपयोग झाला, आणि ज्याच्याकडे कमी-जास्त गतीची जुनी मोटर आहे त्यानं ही युक्ती जरूर वापरावी.

मेनूत आणखी दोन गोष्टी बंद केल्या. एक, प्रकाश आपोआप वाढवणारं एजीसी: ते चालू ठेवलं तर मोटर थांबली-सुरू झाली की चित्र हेलकावे खातं. मोटर थांबवून बाजूच्या गुंडीनं आरसा फाइंडरसमोर आणून ठेवला, तर व्हिडिओला पूर्ण ४० मिलिसेकंद उजेड मिळतो. मोटर सुरू झाली की निम्मा. म्हणून चित्राची तेजी मोटर चालू ठेवून लावायची. थांबल्यावर ते पांढुरकं दिसेल, दिसू द्यावं. दुसरी, रात्रीची काळी-पांढरी पद्धत. दिवस-पद्धतीवर कायम ठेवली. भिंगाभोवतीचं लाल एलईडींचं कडं तर आधीच उपटून टाकलं होतं. त्याचा उजेड आयपीसच्या काचेवर आपटून परत फिरतो.

कव्हर स्लिप आणि मखमल

आता डोळा आणि व्हिडिओ दोघांना एकाच आयपीसमधून कसं दाखवायचं? मध्ये ४५ अंशांत अर्धा आरसा, म्हणजे थोडा प्रकाश वळवून बाकीचा आरपार सोडणारी काच, ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. टेलिप्रॉम्प्टरची काच त्यासाठी मिळते. पण ती जाड असते, डोळ्याचा बराच उजेड खाते, आणि एसटीचा ग्राउंड ग्लास भिंगाचं छिद्र आवळल्यावर आधीच अंधारा. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याकडून निम्मा उजेड काढून घेणं मला मान्य नव्हतं.

मी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरतात ती मायक्रोस्कोपची कव्हर स्लिप, म्हणजे नमुन्यावर झाकायची पातळ काच, घेतली, २२ मिलिमीटर चौकोनी. साध्या काचेवर ४५ अंशांत पडलेल्या प्रकाशातला दहाएक टक्के परावर्तित होतो, बाकीचा आरपार जातो. नानांना नव्वद टक्के, व्हिडिओला दहा. आजचे सीसीटीव्हीचे सेन्सर अंधारात बघण्यासाठीच बनवलेले असतात. दिवसाउजेडी दहा टक्क्यांत त्यांचं भागतं. काच मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी पातळ, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या दोन प्रतिमा वेगळ्या दिसत नाहीत. अडचण एकच. एवढी पातळ काच चारही बाजूंनी चिकटवली तर ताणानं वाकते आणि परावर्तित चित्र पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. म्हणून ती एका कोपऱ्यावर एकाच थेंबात चिकटवली, बाकी तीन कोपरे नुसते टेकलेले.

या काचेचं घर कशाचं करायचं, यावर लेथवाल्याशी बरीच बोलणी झाली. ॲल्युमिनियमचं छान झालं असतं, पण जड. शेवटी ठिबकच्या दुकानातली पीव्हीसीची टी, म्हणजे पाइपाचा ‘T’ आकाराचा जोड, घेतली. जळगाव जिल्ह्यात ठिबकच्या फिटिंगचं दुकान शोधावं लागत नाही, केळीच्या पट्ट्यात तर प्रत्येक वळणावर आहे. टीला तीन तोंडं असतात: एक आयपीसवर चढलं, समोरच्याला नानांचा डोळा, आडव्या तोंडात बोर्ड कॅमेरा. आणि आडव्या तोंडासमोरची भिंत बंद असते, जी या रचनेत सगळ्यात महत्त्वाची.

व्हिडिओ कॅमेरा काचेत बघतो तेव्हा त्याला आयपीसचं चित्र दहा टक्के दिसतं आणि काचेच्या आरपार समोरची भिंत नव्वद टक्के. भिंत जरा जरी उजळ असली तरी चित्रावर दूध सांडल्यासारखा पांढरेपणा येतो. त्यात नानांच्या चेहऱ्याच्या बाजूनं आत येणारा उजेडही काचेवरून वळून त्याच भिंतीवर पडतो. काळा रंग मारून भागलं नाही, रंगाला चमक असते. शिंप्याकडून काळ्या मखमलीचा तुकडा आणून तो भिंतीला लावला आणि चित्रात काळा खरोखर काळा झाला. या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक फरक कशानं पडला असं कोणी विचारलं, तर मी मखमल सांगेन.

आयपीसचं रबर काढून त्या जागी टी चढवली. मध्ये सायकलच्या ट्यूबचं कडं, म्हणजे ओरखडा नाही आणि पकड घट्ट. टीची लांबी घासून शक्य तितकी कमी केली, तरी डोळा पूर्वीपेक्षा थोडा मागं गेला. नानांना चौकटीचे चारही कोपरे एका वेळी दिसत नाहीत, कोपरा बघायला डोळा किंचित सरकवावा लागतो. हा तोटा खरा आहे आणि बाहेरून लावलेल्या कोणत्याही अर्ध्या आरशात तो राहणारच. कोपऱ्यांची राखण ताईंनी मॉनिटरवर करायची, मधल्या चेहऱ्याचा फोकस नानांनी सांभाळायचा, अशी वाटणी झाली.

बोर्ड कॅमेऱ्याला ८ मिलिमीटरचं बटण-भिंग लावलं. १२ चं लावून पाहिलं, चौकट वरखाली कापली जात होती. ८ मध्ये पूर्ण चौकट भोवतीच्या काळ्या कडेसकट मावते, आणि कड दिसणं गरजेचंच आहे. हे भिंग फोकस करताना एक क्रम पाळावा लागतो. आधी नानांनी चष्मा काढून आयपीसचा नंबर स्वतःच्या डोळ्याला लावायचा आणि कडं घट्ट करायचं. मग कॅमेऱ्याचं मुख्य भिंग मुद्दाम पार धूसर करायचं आणि बटण-भिंग ग्राउंड ग्लासवरच्या रेघांवर, काचेच्या रव्यावर धारदार करून पक्कं करायचं. समोरच्या दृश्यावर ते कधीही लावू नये. दृश्यावर लावलं तर मुख्य भिंगाची चूक बटण-भिंग झाकून टाकतं: मॉनिटरवर चित्र ठणठणीत आणि फिल्मवर धूसर.

परावर्तनामुळे चित्र डावं-उजवं उलटतं, ते मेनूतल्या ‘मिरर’नं सरळ केलं. मॉनिटर म्हणून सीसीटीव्हीवाले मनगटावर बांधतात तो टेस्टर घेतला. त्यातूनच बोर्ड कॅमेऱ्याला १२ व्होल्ट मिळतात, बीएनसीची एक लांब वायर अंगणाच्या कडेनं गेली की काम झालं. आरीफ्लेक्सच्या ८ व्होल्टच्या बॅटरीतून व्हिडिओला वीज द्यायची नाही, मोटरच्या ब्रशची खरखर चित्रात उतरते. टेस्टरचा पडदा रुंद आणि १६ मिलिमीटरची चौकट जवळपास चौरस. ताईंनी दोन्ही बाजूंना काळी चिकटपट्टी लावून तेवढीच चौकट उघडी ठेवली.

चाचणी

आयपीसकडून उलटा उजेड शिरून फिल्म धुरकटत नाही ना, हे बघितल्याशिवाय मी हे यंत्र उत्सवात जाऊ देणार नव्हतो. डोळा लागलेला असताना तो उजेड अडतो. टी लावल्यावर बाजूनं फट राहू शकते. नानांकडे मुदत संपलेली काळी-पांढरी निगेटिव्ह पडून होती. मुख्य भिंगाला टोपी लावली, कॅमेरा गच्चीवर नेला, टीचं मागचं तोंड उघडं आकाशाकडे केलं आणि काही फूट फिल्म चालवली. मग तोंडावर रबराची कड चढवून, डोळा लावून तितकीच. स्टुडिओच्या जुन्या डार्करूममध्ये बादलीत डी-७६ हे डेव्हलपर करून नानांनी ती पट्टी स्वतः धुतली. हाताला सवय अशी की घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. उघड्या तोंडाच्या भागात अगदी फिकट राखाडी छटा होती, डोळा लावलेल्या भागात पट्टी साफ. तेव्हापासून नियम झाला: कॅमेरा चालू असताना नानांनी डोळा उचलायचा नाही, उचललाच तर तळहात ठेवायचा.

डार्करूममध्ये नाना केकी मूस यांच्याबद्दल बोलत होते. चाळीसगावात राहून त्या माणसानं टेबल-टॉप, म्हणजे मेजावर देखावा मांडून करायच्या, छायाचित्रणात नाव कमावलं. इथं बसून जगाच्या तोडीचं चित्र काढता येतं, हा विश्वास खान्देशातल्या नानांच्या पिढीतल्या कितीतरी स्टुडिओवाल्यांना त्यांच्यामुळे मिळाला, असं नानांचं म्हणणं. मला ते त्यांच्या हातात दिसतं.

उत्सवात

रविवारी आभाळ भरलेलं होतं, पण अंगणात पुरेसा उजेड होता. चुलीवर रोट चालले होते, ताई बायांमध्ये पाटावर बसलेल्या, टेस्टर मांडीवर पदराआड. सुरुवातीला एक आजीबाई वाकून वाकून त्यात बघत होत्या, “आते मी दिखस का?” असं विचारत. ताईंनी त्यांना एकदा नीट दाखवलं आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

नानांशी बोलायचं तर हाक मारावी लागणार आणि हाक आवाजात जाणार, म्हणून खुणा ठरल्या होत्या. डोक्यावरचा पदर उजव्या हातानं सारखा केला की चौकट थोडी उजवीकडे, डाव्या हातानं केला की डावीकडे. गाणाऱ्या बायांच्या घोळक्यात ही खूण कोणाच्या लक्षातही येत नाही. एका रिळात धृपद म्हणणारी बाई चौकटीच्या कडेला अर्धी कापली जात होती. नानांना तो कोपरा टीमुळे दिसत नव्हता, ताईंना पडद्यावर दिसला, पदर सारखा झाला, चौकट सरकली. धुऊन आलेल्या फिल्मवर ती सरक दिसते, पण गाण्याच्या वळणावर आल्यामुळे मुद्दाम केल्यासारखी वाटते. ताईंनी ती ठेवली आहे.

रात्रीचा भाग वेगळा. कानबाईपुढं समयांचा उजेड, वर एक पिवळा दिवा. दहा टक्क्यांत व्हिडिओला काही दिसेना. प्रकाश वाढवला की नुसती मुंग्यांची रांग. कव्हर स्लिप काढून अर्धा आरसा घालता आला असता, तर नानांचं चित्र तितकं अंधारलं असतं, आणि त्या उजेडात फोकस लावणं ही त्यांची सगळ्यात अवघड कामगिरी होती. आम्ही टी उतरवून ठेवली. रबर परत चढवलं. ताई त्या रात्री कॅमेऱ्यामागे, नानांच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. अंधारात बायांचं लक्ष तसंही देवीकडेच होतं. रात्रीची दोन्ही रिळं उत्तम आली आहेत. एका जागी फोकस घसरतो, पण समईच्या ज्योतीवर तो परत बसताना दिसतो.

मागच्या आठवड्यात शिरपूरचा एक मुलगा क्रास्नोगोर्स्क-३ हा १६ मिलिमीटरचाच कॅमेरा घेऊन आला, त्यालाही असंच हवं आहे. टी तशीच बसणार नाही, आयपीसचा व्यास वेगळा. त्या कॅमेऱ्याचं शटर १५० अंशांचं, त्यामुळे फाइंडरच्या वाट्याला उजेड जास्त येईल. पण तो चावीवर चालतो, आणि स्प्रिंग उतरत आली की गती पडते, म्हणजे १/२५ चं गणित शेवटच्या सेकंदांत सुटणार. त्याला मी सांगितलंय की प्रत्येक टेकआधी चावी पूर्ण भर, टेक छोटे घे, आणि पडद्यावर तेज खालीवर व्हायला लागलं की तिथंच थांब. कव्हर स्लिपची डबी आणि मखमलीचा उरलेला तुकडा त्याला दिला आहे.